जेम्स स्टुअर्ट केवळ ‘सज्जन’ नव्हते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील अभिनेते जेम्स स्टुअर्ट यांच्यावरील लेख आवडीने वाचला. मात्र ‘पडद्यावरचा साधा, सज्जन अमेरिकन’ या एकाच वर्णनाभोवती तो फिरत राहिल्याने त्यांच्या कारकिर्दीचा माझ्या मते अधिक मोलाचा भाग लेखात आलाच नाही.

ही प्रतिमा खोटी नव्हे. ‘मिस्टर स्मिथ गोज टु वॉशिंग्टन’ (१९३९) मध्ये बोलून बोलून घसा बसलेला सिनेटर त्यांनी उभा केला आणि पुढच्याच वर्षीच्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ने त्यांना ऑस्कर मिळवून दिले. (ती बाहुली पुढे कित्येक वर्षे त्यांच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात मांडलेली होती!) पण १९४१ मध्ये ते सैन्यात गेले, बी-२४ बॉम्बर विमानातून वीस मोहिमांवर जाऊन आले आणि परतल्यावर त्यांच्या अभिनयात एक कडवटपणा दिसू लागला. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) नाताळची गोड गोष्ट म्हणून ओळखला जातो खरा, परंतु त्यात भर सणाच्या रात्री बायकामुलांदेखत घरातल्या वस्तू उधळून देणारा आणि दुसऱ्याच क्षणी ओशाळून उभा राहणारा बाप गोड म्हणता येणार नाही.

१९५० च्या ‘विंचेस्टर ७३’साठी त्यांनी ठरावीक मानधनाऐवजी नफ्यात वाटा घेतला, हे व्यवहारचातुर्य प्रसिद्धच आहे. मला त्यातला गुत्त्यातील प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. समोरच्याचा हात पिरगाळून त्याचे डोके ते गुत्त्याच्या काउंटरवर दाबून धरतात, तेव्हा त्यांचा चेहरा असा पिसाळलेला दिसतो की हाच का तो भाबडा सिनेटर, असा प्रश्न पडावा. दिग्दर्शक अँथनी मान यांच्याबरोबरच्या आठही चित्रपटांचा लेखात उल्लेखसुद्धा नसावा, याचे आश्चर्य वाटते.

हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ला (१९५८) तर लेखात जेमतेम अर्धी ओळ मिळाली आहे. मेलेल्या प्रेयसीसारखी दिसावी म्हणून एका दुकानात काम करणाऱ्या मुलीला करडा पोशाख घालायला लावणारा, केस सोनेरी करून घे म्हणून तिची मनधरणी करणारा आणि ते झाल्यावरही अंबाडा हवा तसा नाही म्हणून अडून बसणारा हा नायक पाहताना त्याची भीती वाटते. तरीही हिरव्या उजेडातून ती अखेर त्या रूपात समोर येते, तेव्हा स्टुअर्ट यांच्या पाणावलेल्या डोळ्यांकडे पाहून त्याची कीवच येते.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, ठाणे