फॉरमॅट करण्याआधी बायोसची सेटिंग तपासावी

संपादक महोदय,

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि घरातले जुने संगणक विंडोज ११ साठी पात्र करून घेण्याची खटपट वाढली. नव्या प्रणालीला यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रणालीच चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीचा घटक) लागत असल्याने अनेक जण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून 'लेगसी' हा जुन्या पद्धतीने सुरू होण्याचा पर्याय बंद करतात, आणि लगेच काळ्या पडद्यावर बूट करता येईल, म्हणजे जिच्यावरून संगणक सुरू होईल, अशी डिस्क सापडत नसल्याचा संदेश उमटतो. असा संगणक दुरुस्तीला नेल्यावर पुष्कळदा 'फॉरमॅट मारावा लागेल' एवढेच ऐकायला मिळते. या विशिष्ट बिघाडात तो सल्ला बहुधा अनाठायी असतो आणि त्यापायी वर्षानुवर्षांचे फोटो, हिशेब, प्रबंध नाहक जातात, म्हणून हे पत्र.

लेगसी किंवा यूईएफआय निवडल्याने डिस्कवरचे काहीही पुसले जात नाही. जुन्या संगणकांतील डिस्कची विभागणी बहुधा एमबीआर या जुन्या पद्धतीची असते, आणि यूईएफआय ज्या वेगळ्या विभागात सुरुवातीची फाइल शोधते तो विभाग तिथे नसतोच. बायोसमध्ये जाऊन मूळ पर्याय परत निवडला की संगणक सहसा पूर्ववत सुरू होतो. त्यानंतर महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि मगच डिस्क जीपीटी या यूईएफआयला लागणाऱ्या नव्या विभागणी-पद्धतीत बदलावी. त्यासाठीचे साधन २०१७ पासून विंडोज १० मध्येच समाविष्ट आहे, ते माहिती न पुसता रूपांतर करते, आणि त्याची मुख्य अट एवढीच की डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्राथमिक विभाग नसावेत.

असाच दुसरा बिघाड : बायोसमधली साटा जोडणीची (डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या दुव्याची) पद्धत आयडीई किंवा रेड या पर्यायांवरून एएचसीआय या पर्यायावर नेली तर निळा पडदा येतो आणि त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे लिहिलेले असते. ते वाचून डिस्क निकामी झाली असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात विंडोज सुरू होताना आजवर वापरात असलेलाच ड्रायव्हर (डिस्कशी संवाद साधणारा छोटा प्रोग्राम) लोड करते आणि नव्या पद्धतीचा ड्रायव्हर त्या वेळी हाताशी नसतो. इथेही आधी जुनी सेटिंग परत आणावी. बदल खरोखरच हवा असेल, तर विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक गोष्टींसह) सुरू होईल असे ठरवून, त्याच वेळी बायोसमध्ये बदल करावा, म्हणजे योग्य ड्रायव्हर आपोआप जोडला जातो. (कोणीही काही बदलले नसताना हाच निळा पडदा दिसला, तर मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल तपासावा. तो संपला की बायोस कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर परतू शकते. हा सेल फारसा महाग नसतो.)

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनात चुकून माहितीच्या विभागाला 'ॲक्टिव्ह' (संगणकाने जिथून सुरू व्हावे तो विभाग) केल्यासही जुन्या पद्धतीचा संगणक अडतो. त्यात विभागाच्या नोंदीतील एका बाइटची खूण इकडची तिकडे झालेली असते, आणि विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून डिस्कपार्ट हे विभाग हाताळणारे साधन उघडून ती पूर्वीच्या विभागावर परत ठेवता येते. मात्र त्याच साधनातील 'क्लीन' ही आज्ञा विभागांची सगळी नोंदच काढून टाकते, म्हणून अननुभवी माणसाने तिथे एकट्याने हात घालू नये.

एक अपवाद गंभीर आहे. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर सिक्युअर बूट किंवा टीपीएमच्या सेटिंगला हात लावल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की (कुलूप उघडणारा क्रमांक) मागितली जाऊ शकते. ती अनेकदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, पण अनेकांना आपली डिस्क कूटबद्ध आहे याचीच कल्पना नसते. ही की कुठेच सापडली नाही आणि सेटिंग पूर्ववत करूनही कुलूप उघडले नाही, तर दुरुस्ती करणाराही त्या फाइली परत मिळवून देऊ शकत नाही. म्हणून बायोस उघडण्याआधी ही की कागदावर उतरवून ठेवावी.

दुरुस्ती व्यावसायिकांना विनंती अशी, की संगणक ताब्यात घेताना 'शेवटचा बदल कोणता केला' आणि 'आतील माहिती हवी आहे का' हे दोन प्रश्न पावतीवरच छापावेत, त्यांची उत्तरे ग्राहकाच्या सहीनिशी घ्यावीत, आणि त्या सहीवाचून डिस्क फॉरमॅट करू नये.

आपला,
एक वाचक, सांगली