दक्षिणी अमेरिकी घरचा स्वयंपाक छापताना त्यामागची कारणेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर जवळ आला की थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या निमित्ताने मराठी पुरवण्यांत अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या घरगुती जेवणावर लेख येऊ लागतात. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, दोन्ही कॅरोलिना इथल्या आयांच्या हातची बिस्किटे, मक्याचा पाव, तळलेली कोंबडी यांची रसभरीत वर्णने असतात आणि शेवटी चार ओळींत कृती उरकलेली असते. पीठ मळा, भाजा, त्यात आईचे प्रेम मिसळा. एवढ्या सूचनांवर कोणी बिस्किटे केली तर ती दगडासारखी होतात आणि वाचकाला वाटते, पदार्थच असा असणार. त्या घरांतली माया सांगायची असेल तर पिठाचा, स्निग्धाचा आणि आचेचा हिशेब सांगावाच लागतो, कारण ती माया तिथेच खर्च झालेली असते. म्हणून हे पत्र.

बिस्किटापासूनच सुरुवात करते. हे चहात बुडवायचे कडक बिस्किट नव्हे. हा यीस्टशिवाय फुगवलेला, बाहेरून खरपूस आणि आतून मऊ, पापुद्रे सुटणारा लहान पाव असतो. दक्षिणेत तो चांगला होतो याचे पहिले कारण गहू. तिथे पिकणाऱ्या मऊ हिवाळी गव्हात प्रथिने कमी असतात, त्यामुळे पिठाला चिकटी कमी येते. नॉक्सव्हिलमध्ये 1883 साली सुरू झालेल्या व्हाइट लिली या पिठावर दक्षिणी घरांची निष्ठा आहे ती याचसाठी. त्यातल्या 'सेल्फ-रायझिंग' पिठात मीठ आणि बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. आपल्याकडे साधा मैदा घ्यायचा झाला तर 210 ग्रॅम मैदा आणि 30 ग्रॅम कॉर्नफ्लोअर एकत्र चाळावे, म्हणजे पिठाची चिकटी उतरते. त्यात तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा आणि अर्धा छोटा चमचा मीठ. कणीक वापरून हे होत नाही, कोंड्याने बिस्किट जड होते.

यात 60 ग्रॅम स्निग्ध पदार्थ लागतो. जुन्या घरांत तो डुकराची चरबी असे, आता बहुधा लोणी. तो फ्रीजमधून काढलेला, घट्ट, थंड हवा. शंकरपाळ्यांचे मोहन आपण गरम ओततो, इथे नेमके उलटे करायचे. बोटांच्या टोकांनी तो पिठात फक्त चुरायचा, वाटाण्याएवढे खडे राहिले पाहिजेत. ओव्हनमध्ये हे खडे वितळतात, त्यांच्या जागी पोकळी राहते, लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे वर उचलले जातात. लोणी आधीच वितळले असेल तर पीठ ते पिऊन टाकते आणि पापुद्रे सुटतच नाहीत. मग साधारण 180 मिली थंड ताक. तिकडचे ताक विरजण लावून दाट केलेले असते. आपले पातळ ताक चालत नाही, घुसळलेल्या दह्यात थोडे दूध घालून तशी दाटी आणावी. पीठ जेमतेम एकत्र येईपर्यंतच कालवायचे, ओलसर आणि ओबडधोबड दिसले तरी हरकत नाही. मळले की संपलेच. ओट्यावर भुरभुरलेल्या पिठात ते तीन-चार वेळा घडी घालून थापायचे, जाडी सुमारे दोन सेंटिमीटर. साचा सरळ खाली दाबून सरळ वर घ्यायचा. तो फिरवला की कडा चेपून बंद होतात आणि बिस्किट एका बाजूला कलते. ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून मांडायची, म्हणजे पसरायला जागा नसल्यामुळे ती वर चढतात. ओव्हन 230 ते 245 अंश सेल्सिअस, पूर्ण तापलेला. वेळ 12 ते 15 मिनिटे. छापील कृतींत बहुतेकदा 180 अंश लिहिलेले असते. त्या मंद आचेवर वाफ जोर धरत नाही आणि बिस्किट फुगण्याआधी वाळते.

मक्याच्या पावाची, म्हणजे कॉर्नब्रेडची, गल्लत वेगळी आहे. त्याला आपल्याकडे मिळणारे पांढरे कॉर्नफ्लोअर चालत नाही, तो नुसता स्टार्च असतो. लागते मक्याचे भरड, रवाळ पीठ. 25 सेंटिमीटरच्या बिडाच्या तव्यासाठी दोन कप पीठ, सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ प्रत्येकी एक छोटा चमचा, दोन अंडी, दोन कप दाट ताक. चार मोठे चमचे स्निग्ध रिकाम्या तव्यात घालून तवा ओव्हनमध्ये 230 अंशांवर तापवायचा, त्यातले थोडे पिठात घालून मिश्रण लगेच गरम तव्यात ओतायचे. चर्र आवाज आलाच पाहिजे. तो आला नाही तर खालची खरपूस खपली धरत नाही आणि पाव तव्याला चिकटतो. वीस-पंचवीस मिनिटांत होतो. साखर घालायची की नाही यावर तिकडे घराघरांत मतभेद आहेत. अनेक जुन्या घरांत साखर वर्ज्य, तर अनेक कृष्णवर्णीय घरांत थोडी गोडी हवीच. माझे मत बिनसाखरेच्या बाजूचे, कारण या पावाचे खरे काम भाजीचा रस टिपण्याचे आहे.

तवा बिडाचाच हवा. टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग गावी लॉज कंपनी 1896 पासून हे तवे ओतते आहे. असा तवा आईकडून मुलीकडे जातो, कारण तो वापराने सुधारत जातो. त्याला तेलाचा इतका पातळ हात द्यायचा की पुसून टाकल्यासारखा वाटावा, मग ओव्हनमध्ये पालथा घालून 230 अंशांवर तासभर. जाड थर दिला तर तो चिकट होतो. बहुतेकांचे तवे इथेच बिघडतात आणि दोष बिडाला दिला जातो.

आता भाजी. कॉलर्ड ही कोबीच्या कुळातली जाड, रुंद पानांची पालेभाजी, थंडी पडल्यावर तिला गोडी येते. तीन पाण्यांतून धुवावी लागते, नाहीतर रेती दाताखाली येते. आधी डुकराच्या धुरावलेल्या पायाचा तुकडा, किंवा हल्ली टर्की पक्ष्याची धुरावलेली मान, पाण्यात तासभर उकळायची. मग देठ काढून चिरलेली पाने आणि आणखी तासभर मंद आच. मीठ शेवटी, कारण धुरावलेले मांस खारट असते. व्हिनेगरही शेवटीच, आधी घातले तर पाने लवकर मऊ होत नाहीत. तळाशी उरणाऱ्या रसाला पॉट लिकर म्हणतात. पानांतले पाण्यात विरघळणारे सत्त्व त्यातच उतरलेले असते, म्हणून तो कोणी ओतून देत नाही. 1931 साली अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या वृत्तपत्रात याच रसावरून मोठा वाद झडला. मक्याचा पाव त्यात बुडवून खावा असे लुईझियानाचे गव्हर्नर ह्युई लाँग म्हणत, तर वृत्तपत्राचे एक संपादक ज्युलियन हॅरिस चुरून खाण्याच्या बाजूने होते. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला आणि न्यूयॉर्कचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्टही त्यात ओढले गेले. स्वयंपाकघरातल्या बारकाव्यांना वृत्तपत्राने जागा द्यावी, ही माझी मागणी काही नवी नाही.

रविवारी चर्चनंतरचे दुपारचे जेवण म्हणजे तळलेली कोंबडी. दुकानातली कोंबडी हल्ली आठ तुकड्यांत मिळते. जुन्या आया तिचे नऊ तुकडे करत. छातीच्या वरच्या टोकाचे इंग्रजी व्ही अक्षरासारखे हाड मांसासह वेगळे काढत. त्याला पुली बोन म्हणतात, आणि तो तुकडा मुलांचा. तुकडे मीठ घातलेल्या ताकात रात्रभर ठेवतात, ताकाच्या आंबटपणाने वरचे मांस मऊ पडते आणि मीठ आत मुरते. तळण्याआधी अर्धा तास बाहेर काढावे आणि मग पिठात घोळवावे. गारठोण तुकडे टाकले की तेलाचे तापमान धाडकन उतरते, वरचे पीठ तेल पिते आणि हाडापाशी मांस लालसर राहते. तुकडा तेलात अर्धाच बुडावा, तेल 165 ते 175 अंश, तव्यात गर्दी नको. मांडीच्या आत 74 अंश झाले की कोंबडी शिजली. कागदावर ठेवली तर खालची बाजू वाफेने सादळते, म्हणून जाळीवर निथळू द्यावी.

या सगळ्याची खरी परीक्षा कुटुंबाच्या मेळाव्यात होते. सुमारे 1910 ते 1970 या काळात साठ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे उन्हाळ्यात मूळ गावी जमतात. चर्चच्या आवारात झाडांखाली लांब टेबले मांडून 'डिनर ऑन द ग्राउंड्स' होते, काही जुन्या चर्चमध्ये तर ही टेबले सिमेंटची कायमची बांधलेली आहेत. कोणी काय आणायचे हे ठरलेले असते आणि बटाट्याच्या सॅलडचे काम कोणा नवख्याला मिळत नाही. ते योग्यच आहे. बटाटे थंड खारट पाण्यात चढवायचे, आधणात टाकले तर बाहेरून फुटतात आणि आत कच्चे राहतात. गरम असतानाच व्हिनेगर शिंपडायचे, ते तेव्हाच मुरते. मेयोनेज मात्र बटाटे गार झाल्यावर, नाहीतर त्यातले तेल सुटते. पुष्कळ घरांत ड्यूक्स हेच मेयोनेज लागते. दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलच्या युजिनिया ड्यूक या बाईंनी 1917 मध्ये जवळच्या छावणीतल्या सैनिकांना सँडविच विकताना ते नावारूपाला आणले. त्यात साखर नसते.

दक्षिणेतल्या जुलैच्या उकाड्यात हे पदार्थ बाहेर मांडायचे म्हणजे जबाबदारी आहे. दोष मेयोनेजला देतात, पण बाटलीतले मेयोनेज आंबट असते. जंतू वाढतात ते बटाट्यात आणि अंड्यात. हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभराच्या आत, एरवी दोन तासांच्या आत पदार्थ परत बर्फात गेला पाहिजे. मसाला भरलेली अंडी नेताना पांढरे अर्धे वेगळे आणि बलकाचे सारण पिशवीत वेगळे न्यावे, टेबलाशी पोहोचल्यावर पिशवीचा कोपरा कापून भरावे. त्यासाठी अंडी आठवडाभर जुनी घ्यावीत, ताज्या अंड्यांचे कवच नीट सुटत नाही. भाजलेली मॅकरोनी-चीज गरम न्यायची तर बर्फाच्या पेटीत बर्फाऐवजी टॉवेल भरून त्यात ठेवावी, बराच वेळ कढत राहते. त्यातले चीज तुकडा आणून घरी किसावे. पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, त्याने सॉस रवाळ होतो. उशिरा पोहोचणाऱ्यासाठी फॉइलने झाकलेली ताटली आधीच बाजूला काढून ठेवतात, सगळे जेवायला बसण्यापूर्वी.

आणखी एक गोष्ट लेखांत हमखास गळते. या स्वयंपाकाचा मोठा भाग आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा आहे. भेंडी, चवळी आणि तीळ त्यांच्याबरोबर आले. कॅरोलिनातली भातशेती पश्चिम आफ्रिकी माणसांच्या कौशल्यावर आणि सक्तीच्या श्रमावर उभी राहिली. नववर्षाच्या दिवशी होणारा हॉपिन जॉन म्हणजे चवळी-भातच. एक कप चवळी धुरावलेल्या मांसाबरोबर मऊ पण अखंड शिजवायची आणि तिच्याच पाण्यात एक कप तांदूळ शिजवायचा, साध्या पाण्यात शिजवला तर भात फिका पडतो. पुढे कितीतरी कृष्णवर्णीय स्त्रियांनी गोऱ्या कुटुंबांच्या चुली सांभाळल्या आणि त्यांच्या कृती दुसऱ्यांच्या नावाने छापल्या गेल्या. व्हर्जिनियातल्या फ्रीटाउन या, मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या वस्तीत 1916 साली जन्मलेल्या पाककृती-लेखिका एडना लुईस यांनी हे ऋण मांडले. केक झाला की नाही हे त्या कान लावून ओळखत. आत बुडबुड्यांचा आवाज चालू असेल तर केक अजून कच्चा. 'दक्षिणी आई' असे लिहिताना तिच्यात ही आईसुद्धा आली पाहिजे.

पुरवणीच्या संपादकांना विनंती इतकीच की यापुढे अशी कृती छापताना तापमान सेल्सिअसमध्ये द्यावे, अमेरिकी कप सुमारे 240 मिलीचा असतो आणि त्यात मैदा साधारण 120 ग्रॅम बसतो हे चौकटीत सांगावे, ताकाची दाटी आणि मक्याच्या पिठाचा प्रकार स्पष्ट लिहावा, आणि प्रत्येक कृतीखाली पदार्थ बिघडतो कुठे याच्या दोन ओळी द्याव्यात. जागा कमी पडत असेल तर छायाचित्र लहान करावे.

कळावे.

आपली वाचक,
अटलांटा, जॉर्जिया