चूकही सरावानेच पक्की होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एखादे शारीरिक कौशल्य शिकताना कोणाकडून तीच चूक वारंवार होऊ लागली, की त्याचे लक्ष नाही किंवा त्याला समजतच नाही, असे ठरवून शिकवणारे मोकळे होतात. बरीच वर्षे पोहणे शिकवल्यानंतर मला हा निष्कर्ष बहुधा अन्यायाचा वाटतो.

मुक्तशैलीत श्वास घेताना डोके कुशीला वळवण्याऐवजी वर उचलणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. डोके वर आले की कंबर व पाय खाली जातात, पाण्याचा विरोध वाढतो, दम लवकर लागतो आणि पुढच्या श्वासाला डोके आणखीच वर जाते. शिकणाऱ्याला हे माहीत असते, काठावर उभा राहून तो योग्य हालचाल बिनचूक करूनही दाखवतो; तरीही पाण्यात डोके वर येतेच, कारण त्याला त्या क्षणी हवी असलेली हवा त्यातून मिळते. पाय बुडाल्याचा तोटा मागाहून जाणवतो, फायदा मात्र तत्काळ होतो, आणि शरीर त्या फायद्यालाच धरून बसते.

समजणे आणि अंगवळणी पडणे यांत मोठे अंतर आहे. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी १९६२ साली ज्याच्याविषयी लिहिले, त्या रुग्णाला नव्या घटना लक्षात ठेवता येत नव्हत्या. तरी आरशात पाहून चांदणी गिरवण्यात तो दिवसागणिक सुधारत गेला, आदल्या दिवशीचा सराव मुळीच आठवत नसताना. चुकीची हालचालही अशीच नकळत मुरते. पुढे योग्य हालचाल आली तरी जुनी पुसली जात नाही. थकवा, भीती किंवा घाई झाली की ती परत डोके काढते. अशा वेळी ‘चुकलास, पुन्हा कर’ म्हणून दहा फेऱ्या मारायला लावणे (मीही हे पुष्कळ केले आहे) म्हणजे चुकीचाच सराव करून घेणे होय.

अनेकांच्या बाबतीत मूळ दोष डोक्याच्या हालचालीत नसतोच. तोंड पाण्यात असताना श्वास सोडलेला नसल्याने, तोंड बाहेर आल्यावर त्या अल्पशा वेळात सोडणे आणि घेणे दोन्ही उरकावे लागते व त्यासाठी डोके उंच धरले जाते. म्हणून हल्ली मी डोक्याविषयी बोलण्याआधी पाण्याखाली सावकाश बुडबुडे सोडायला लावतो आणि श्वासाची घाई होणार नाही इतकेच अंतर पोहायला देतो. पुष्कळांचे डोके त्यानंतर न सांगताच खाली राहते.

आपला,
एक जलतरण प्रशिक्षक