चिप बदलली, पण प्रेशर कुणी बघितलं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा कॉम्प्युटर ‘ट्यून’ करून ताकद वाढवण्यावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लॅपटॉप जोडला, फाइल भरली, गाडी सुसाट, असं सगळं सोपं करून टाकलंय. मधलं काम लेखकानं गाळलं, आणि पोरं नेमकी तिथंच फसतात.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३१ वर्षं डिझेल पंप आणि नोझलचं काम केलं. कॉम्प्युटर मला फक्त व्हिडिओ कॉलपुरता येतो. तरी लिहायचं धाडस करतोय, कारण दोन वर्षांपूर्वी मुलाकडे जर्मनीत हाइलब्रोनला तीन महिने राहिलो आणि त्यातले निम्मे दिवस त्याच्या गाडीच्या बॉनेटखाली गेले. गाडी १९८६ ची पोर्शे ९४४ टर्बो. अडीच लिटर, चार सिलिंडर, कारखान्यातून निघताना २२० हॉर्सपॉवर. (नाव पोर्शेचं असलं तरी तिची जुळणी हाइलब्रोनशेजारच्या नेकारझुल्मला, ऑडीच्या कारखान्यात झाली. हे चारचौघांत काढलेलं मुलाला चालत नाही.)

या गाडीत बॉशचा मोट्रॉनिक कॉम्प्युटर आहे. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच डब्यातून सांभाळायची ही पद्धत १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीत पहिल्यांदा आली. डब्यातल्या चिपमध्ये असतं काय? पोरानं स्क्रीनवर दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अरे, हा तर रेडी रेकनर! आडवे इंजिनाचे फेरे, उभी आत आलेली हवा आणि प्रत्येक घरात ० ते २५५ मधला एक आकडा. एका कोष्टकात इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) किती वेळ उघडा ठेवायचा ते, दुसऱ्यात पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी टाकायची ते. घाई किती असते बघा. मिनिटाला ६००० फेऱ्यांना क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ३६ अंश फिरतो, आणि चारही सिलिंडर मिळून सेकंदाला २०० ठिणग्या पडतात. ट्यूनिंग म्हणजे या घरांतले आकडे बदलणं. त्यात जादू काही नाही.

आमच्याकडे हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टरवाले यायचे, “मालक, पंप जरा वाढवून द्या, दोन ट्रॉल्या ओढत नाही.” शिशाचं सील तोडून स्क्रू फिरवला की डिझेल वाढायचं. गडी खूश, मागं काळा धूर. पण मी पंप टेस्ट बेंचवर चढवल्याशिवाय कधी दिला नाही. प्रत्येक नळीत किती डिझेल पडतंय ते डोळ्यांनी बघायचो.

मुलानं एका विक्रेत्याकडून चिपांची जुनी जोडी आणली होती. एक पेट्रोल-ठिणगीची, दुसरी टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब वाढवणारी. बसवल्यावर गाडी कमी फेऱ्यांना तरतरीत वाटायची, पण ४५०० फेऱ्यांच्या वर दमायची. ताकद मोजायच्या रोलरवर चढवली तर २०३ हॉर्सपॉवर! चिप घालून १७ कमी. या गाडीत इंजिनाची नॉकिंग ऐकणारा वेगळा डबा आहे. पेट्रोल अवेळी पेटायला लागलं की तो आधी ठिणगी मागं घेतो, तेवढ्यानं भागलं नाही तर टर्बोचा दाब उतरवतो. म्हणजे बिचारा इंजिन वाचवत होता. हवेचं पेट्रोलशी प्रमाण मोजलं तर जिथं ११.८ हवं तिथं १२.९. एवढ्या दाबाला पेट्रोल कमी पडत होतं.

पोरगा चार रात्री आकडे तपासत बसला. मी विचारलं, “प्रेशर बघितलंस का?”

“बाबा, ते चिपमध्ये नसतं.”

तेच तर म्हणतोय! इंजेक्टर किती वेळ उघडायचा एवढंच त्या कॉम्प्युटरला ठाऊक. मागं पेट्रोलचा दाब किती, हे त्याला कळत नाही. आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर धुरावरून स्वतःची चूक सुधारायची सोयही त्याच्यात नाही. रिले काढून तार जोडली, इंजिन बंद ठेवून पंप चालवला, गेज लावला. अडीच बार. कारखान्याचा मूळ रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब ठरवणारा भाग) तेवढाच देतो. नंतर कळलं की या गाडीच्या बाजारातल्या बऱ्याच चिपा तीन बार धरून लिहिलेल्या असतात. चिपांच्या मूळ मालकानं सोबतचा कागद टाकून दिला असणार. पेट्रोल दाबाच्या वर्गमूळाप्रमाणे वाहतं. हिशेब करा, अडीच आणि तीनमध्ये नऊ टक्क्यांचा फरक पडतो. ११.८ चं १२.९ होतं ते असं.

तीन बारचा रेग्युलेटर बसवला. चिपेतला एकही आकडा न बदलता प्रमाण ११.९ वर आलं, नॉकिंग थांबली, रोलरवर २४६ दिसले. मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माझंही असेल.

आता कायद्याचं. जर्मनीत ताकद बदलली की तपासनिसाला गाडी दाखवून कागदावर नोंद घ्यावी लागते, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच रद्द होते. आपल्याकडे गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. लेखात त्यावर एक ओळसुद्धा नाही.

तेव्हा आपल्या लेखकाला एवढंच विचारा: फाइल विकणाऱ्यानं गाडीचं पेट्रोल प्रेशर, इंजेक्टर आणि कुठल्या ऑक्टेनचं (आकडा जेवढा मोठा, तेवढी नॉकिंग कमी) पेट्रोल भरता, हे विचारलं होतं का? जर्मनीत पंपावर ९५, ९८ आणि काही ठिकाणी १०२ चं मिळतं. आपल्याकडे साधं पेट्रोल कितीतरी वर्षं ९१ चं होतं. ९८ वर बेतलेली ठिणगी ९१ वर चालवली तर काय होईल, हे उद्यमनगरातला कुठलाही हेड गॅस्केटवाला सांगेल.

जुना अडीच बारचा रेग्युलेटर मी पिशवीत घालून घरी आणला. दुकान आता पुतण्या बघतो. गल्ल्यामागच्या काचेच्या कपाटात ठेवलाय, कुणाला बघायचा असेल तर दुपारी चारनंतर यावं.

आपला,
एक निवृत्त पंपवाला
उद्यमनगर, कोल्हापूर