सीबीसीतला दुर्लक्षित आकडा

महोदय,

सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार, म्हटले की विडी-सिगारेट आठवते. पण जन्मभर चुलीपुढे फुंकणी धरलेल्या कितीतरी बायकांनाही हा आजार जडतो. माझी आई त्यांतलीच. काही रुग्णांच्या श्वासनलिकांतली सूज इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींशी निगडित असते आणि त्यांना पंपातले (इनहेलरने ओढायचे) स्टिरॉइड चांगले लागू पडते. वारंवार धाप उसळणाऱ्या रुग्णाच्या रक्तात या पेशी प्रति मायक्रोलिटर ३०० किंवा जास्त असतील तर ते द्यावे, १०० पेक्षा कमी असतील तर टाळावे, असे ‘गोल्ड’ या सीओपीडीविषयक जागतिक उपक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कारण फायदा नगण्य आणि न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो.

ही माहिती साध्या सीबीसीतच, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीतच, दडलेली असते! आईच्या रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ६ टक्के एवढेच छापले होते. म्हणजे ४८०, पण हिशेब आम्हीच करायचा. सर्व लॅबनी टक्क्यांसोबत प्रत्यक्ष संख्याही छापावी, ही कळकळीची विनंती. जंत किंवा अॅलर्जीने ती वाढते, स्टिरॉइडच्या गोळ्यांनी घटते. तेव्हा एकाच रिपोर्टवर विसंबू नये आणि पंप परस्पर बंद तर मुळीच करू नये.

– एक वाचक, सांगली