ते तळे कुठल्याच नकाशावर नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकन चित्रकार आल्बर्ट बिअरस्टॅट यांचे ‘अमंग द सिएरा नेवाडा, कॅलिफोर्निया’ (१८६८) हे चित्र छापलेत, बरे वाटले. पण खाली ‘मानवी स्पर्शापूर्वीच्या कॅलिफोर्नियाचे हुबेहूब दर्शन’ अशी ओळ वाचली आणि निवृत्त झालो तरी हात लाल पेनाकडे गेलाच.

हुबेहूब कशाचे? चित्रातले हे तळे कुठेच नाही. बिअरस्टॅट सिएरा नेवाडाच्या डोंगररांगेत हिंडले होते, हे खरे. पण हा सहा फूट बाय दहा फुटांचा कॅनव्हास त्यांनी युरोपात बसून रंगवला. कडे, धबधबा, ढगांतून उतरणारे ऊन, सगळे जुळवून आणलेले. त्यात लबाडी काही नाही, त्या काळी मोठी निसर्गचित्रे अशीच होत. गृहस्थ हौशीही भारी! असली चित्रे अंधाऱ्या खोलीत, पडद्याआड ठेवून, तिकीट लावून दाखवत.

माझा खरा आक्षेप ‘मानवी स्पर्शापूर्वीच्या’ याला आहे. कॅलिफोर्नियात सोने सापडले १८४८ मध्ये. हे चित्र झाले तेव्हा सिएराच्या उतारांवर पाण्याचे जबर झोत मारून डोंगरच्या डोंगर फोडणे चालू होते. आणि सोन्यासाठी आलेल्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे माणसे राहत होतीच. सिएरातल्याच योसेमिटी दरीतल्या ‘अवानीची’ नावाच्या मूळ रहिवाशांना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने हुसकावून लावले.

याच चित्रकाराचे १८६३ चे ‘द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक’ पाहा. तसेच हिमशिखर, तसेच निवांत पाणी. पण पुढच्या जागेत शोशोनी या तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती: तंबू, घोडे, मारून आणलेली शिकार. पाच वर्षांनंतरच्या या चित्रात काठावर फक्त हरणे. अशी रिकामी जागा डोळ्यांना सुखावते, मलाही सुखावते. पण माणसे गाळणे ही चित्रकाराची निवड होती. तिला तिथली वस्तुस्थिती म्हणून छापू नये.

जमल्यास पुढच्या पुरवणीत ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी द्या, आणि मूळ आकार जरूर लिहा. तुमच्या छपाईत ती हरणे शोधायला मला भिंग घ्यावे लागले.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक