पापणीला पील करायला ‘नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

ओपीडीच्या गर्दीत मी तुमच्या लक्षात राहिले असेन असं नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायला ऑनलाइन मागवलेली पीलची, म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलणाऱ्या ग्लायकोलिक ॲसिडची बाटली पर्समधून काढून ‘हे इथे लावलं तर चालेल का?’ असं विचारणारी ती मी. सील फोडलेलं नव्हतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचलीत, ‘३० टक्के’वर बोट ठेवलंत आणि म्हणालात, ‘चेहऱ्याचं नंतर बघू. पापणीला नाही.’

नाही म्हणणारे डॉक्टर पुष्कळ भेटतात. ते का, हे समजावत बसणारे थोडे. आभार त्या समजावण्याचे आहेत, आणि उघडपणे मानतेय कारण तशा बाटल्या आज कितीतरी जणींच्या कपाटात आहेत.

आधी तुम्ही माझ्या हातात आरसा दिलात. छताच्या दिव्याखाली वर्तुळं चांगली ठळक होती. मग तुम्ही टॉर्च समोरून धरलात आणि निम्मा काळेपणा दिसेनासा झाला. ‘हा रंग नाही, सावली आहे. डोळ्याखाली खळगा आहे, उजेड वरून आला की तो काळा दिसतो.’ नंतर बोटानं कातडी अगदी हलकेच ताणलीत, तर राहिलेला भाग उलट जास्तच जांभळा झाला. त्या आतल्या रक्तवाहिन्या. पापणीची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलीमीटर, आणि तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. ‘आता सांगा, वरचा थर सोलून सावली कशी जाणार, आणि नसा कशा झाकणार?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतके लेख वाचले होते, व्हिडिओ पाहिले होते, पण काळेपणा कशाचा आहे ते आधी बघा, असं एकानंही सांगितलं नव्हतं.

मग ते अश्रूंचं. ॲसिड चुरचुरलं की डोळ्यांत पाणी येणारच. ते पाणी ओघळून ॲसिडच्या कडेला टेकलं, की दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ॲसिड त्या ओल्या रेषेतून डोळ्याकडे चढतं. म्हणून तज्ज्ञ पापणीचं पील करतात तेव्हा पेशंटचं डोकं उंच ठेवतात, कापसाची काडी जवळजवळ कोरडी करून घेतात, पापणीच्या कडेपासून दोन-तीन मिलीमीटर जागा सोडतात आणि अश्रू टिपायला हात तयार ठेवतात. घरी आपण एक डोळा मिटून, दुसऱ्यानं आरशात बघत हे सगळं करणार! कल्पनेनंच मला हसू आलं होतं, तुम्ही मात्र हसला नाहीत.

नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका, पीएच, म्हणजे आम्लतेचं मापही बघा, हेही तुमच्याकडूनच कळलं. पीएच जितका कमी, तितकं तेच ॲसिड जास्त खोल चावतं. घरगुती वापराच्या अशा ॲसिडसाठी साधारण १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको, अशी मर्यादा सौंदर्यप्रसाधनांच्या घटकांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी सुचवली आहे, आणि तीही चेहऱ्यासाठी धरायची, पापणीसाठी नव्हे. माझ्या बाटलीवर पीएच छापलेलाच नव्हता. टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड, पीलसाठीच वापरलं जाणारं दुसरं ॲसिड) तर आणखी वेगळं: ग्लायकोलिक निदान धुऊन थांबवता येतं, टीसीए त्वचेवर पांढरा थर धरू लागलं की धुऊन परत फिरत नाही. नंतर मी शोधलं तेव्हा दिसलं, की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानंही जुलै २०२४ मध्ये अशी तीव्र पील्स तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ किंवा वापरू नका, असा इशारा दिला आहे.

आणि भाजलंच तर? गव्हाळ-सावळ्या कातडीवर भाजल्याचा डाग बहुधा काळाच उमटतो. म्हणजे सावली घालवायला जावं आणि खरा डाग पदरात पडावा. व्रण आकसला तर खालची पापणी बाहेर वळते, डोळा नीट मिटत नाही.

जाता जाता तुम्ही एक गोष्ट सांगितलीत, ती पुढे फार कामाला आली. माझ्या मावसबहिणीच्या डोळ्यात असंच पीलचं द्रावण उडालं. घरातलं कुणीतरी खायचा सोडा कालवायला धावलं. मला तुमचं वाक्य आठवलं: ‘डोळ्यात काही निष्प्रभ करत बसायचं नाही, फक्त पाणी.’ लेन्स काढायला लावली, पापण्या बोटांनी उघड्या धरून वाहत्या पाण्याखाली चांगली वीस मिनिटं धुतलं आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. बुबुळावर वरवरची इजा होती, ती भरून आली.

तुम्ही मला दिलंत ते अगदीच साधं. डोळे खाजतात का, हे विचारलंत. खाजत होते, मी चोळतही होते. ॲलर्जीचे थेंब, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, उन्हात गॉगल. चोळून चोळून कडेला आलेला तपकिरीपणा चोळणं थांबल्यावर बराच फिका झाला. खळगा आहे तसाच आहे, आणि त्याची सवय झाली आहे.

एक काम मात्र बाकी आहे. आमच्या सासूबाईंच्या वरच्या पापणीवर, नाकाच्या बाजूला, पिवळसर चट्टे आलेत. कुणीतरी त्यांनाही टीसीएची बाटली सुचवली आहे. अशा चट्ट्यांच्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये रक्तातली चरबी बिघडलेली सापडते, म्हणून आधी लिपिड प्रोफाइल, असं तुम्ही म्हणाल्याचं आठवतं. बाटली मी बाजूला काढून ठेवली आहे. रक्त दिलं आहे, रिपोर्ट आला की त्यांना घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
एक पेशंट